बिनविजेच्या आळीतून मार्सेलाला

लिंडन तळं, ग्रँड रॅपिड्सजवळ
९ जुलै

मार्सेला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडता एकदा तरी बाजूला ठेवलं असशील. चालायचंच. आता फोडलंस ना, मग वाच. लेनर्ड माझ्याकडे आहे. धडधाकट आहे, जेवतो, झोपतो. घोटभर पाणी पी आणि पुढचं वाच.

जोलीनने तुला फोनवर "बाबा माझ्याकडेच आहेत" एवढंच सांगितलं असणार. पोरगी माझी, पण गुळमुळीत बोलणं मावशीकडून उचललंय. खरं काय झालं ते असं. तू तिकडे ॲरिझोनात पडलीस, खुब्याचं हाड मोडलं, तुला दवाखान्यातून चालायला शिकवणाऱ्या केंद्रात हलवलं, आणि जोलीन बापाला विमानात घालून इकडे घेऊन आली. तिच्या घरी त्याने उच्छाद मांडला. दार दिसलं की बाहेर. ती इस्पितळात पाळ्या करणार की दारात उभी राहणार? एका रविवारी तिने त्याला माझ्याकडे तळ्यावर आणलं, मासळी खायला. पोटभर जेवला, तळ्याकडे तोंड करून खुर्चीत बसला आणि घोरायला लागला. संध्याकाळी गाडीत बसायचं नाव काढेना. "मी इथेच उतरलोय," म्हणाला. जोलीन रडकुंडीला आली. मी म्हटलं, राहू दे.

माझं काय चाललंय ते तुला कुणी सांगितलं नसेल. सोफ्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळा मी तळ्याकाठच्या या पार्कात कॅम्पर लावून काढते. पार्क काउंटीचं. त्यात दोन आळ्या आहेत. एका आळीत वीज, नळ, गरम पाणी, आणि चर्चएवढ्या लांबरुंद गाड्या. दुसरी आमची, बिनविजेची. हातपंप, खड्ड्याचा संडास, कंदील, आणि समोर तळं. वारा पडला की शहराचा हायवे ऐकू येतो, इतकं ते जवळ आहे. पण इथे माणूस अंधार पडला की झोपतो आणि उजाडलं की उठतो. या आळीची मी राखणदारीण. कुणाची शेकोटी धुमसत राहिली, कुणाचा कुत्रा सुटला, कुणी तळ्यात भांडी धुतली, तर मी तिथे जाऊन उभी राहते. उभं राहिलं तरी पुरतं. अंगावरच्या बिल्ल्याचा धाक वेगळा आणि माझा वेगळा.

माझा कॅम्पर, चाकांवरची खोलीच म्हण, जुना आहे पण गळत नाही. पुढच्या टोकाला एक पलंग, मागच्या टोकाला एक, मध्ये ओटा आणि मोरी. तुला जो प्रश्न पडलाय त्याचं उत्तर यात आलं.

फोन का नाही केला म्हणशील. आईच्या अंत्यविधीनंतर आपण दोघी फोनवर कधी चार वाक्यांच्या पुढे गेलोय? पत्र आपटून ठेवता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि तू लहानपणापासून काही फाडायच्या आधी वाचून घेणारी आहेस.

मी कोण हे त्याला कळतं का, असंही तुझ्या मनात येईल. कळतं.

त्याची औषधं जोलीनने दिली आहेत. खोडी तू लिहून पाठव.

बर्निस

*

२६ जुलै

मार्सेला,

तुझी दोन पानं मिळाली. वर नाव नाही, खाली सही नाही, मध्ये नुसत्या सूचना. मासळीचे काटे काढून द्यावेत. अंघोळीच्या आधी पाणी हाताला दाखवावं. रेडिओवर बातम्या लागल्या की बंद करावा. "तो खोटं बोलत नाही, त्याला तसं वाटतं" हे वाक्य दोनदा आलंय. सगळं करते आहे. बातम्यांचं मात्र तुझं चुकलं. त्याला बातम्यांचा त्रास नाही, बातम्या देणाऱ्याच्या आवाजाचा आहे. बाई बातम्या सांगत असली की शांतपणे ऐकतो.

आमचा दिवस सांगते, म्हणजे तुला तिथे पलंगावर पडल्या पडल्या नको ती चित्रं दिसायची नाहीत. सकाळी तो आणि मी पंपावर जातो. दांडा तो मारतो, बादली मी धरते. मग कॉफी. मग मी आळीतून फेरी मारते तेव्हा तो बरोबर येतो आणि सगळ्यांना टोपी काढून नमस्कार करतो. लोकांना वाटतं हा पार्कचा मोठा साहेब. दुपारी शेजारच्या जागेवरची लुएला टिब्स पत्ते घेऊन येते. लुएलाने शहरात तीस-एक वर्षं शाळेची बस चालवली. मागे न बघता मागच्या बाकावर काय चाललंय ते तिला कळतं. दर उन्हाळ्यात तिचा कॅम्पर माझ्या शेजारीच असतो. लेनर्डला आजचा वार सांगता येत नाही, पण युकर खेळायला बसला की हुकुमाचं पान कुणाकडे आहे हे त्याला बरोबर कळतं. तो आणि लुएला एका बाजूला असले की मी हरते.

परवा डाव जिंकल्यावर लुएला म्हणाली, "बर्नी, तुझा नवरा दे मला. भाड्याने तरी दे."

मी म्हटलं, "माझा नाही. माझा होता. आता बहिणीचा आहे."

तिने पत्ते पिसले, पुन्हा पिसले, आणि मग विचारलं, "ख्रिसमसला तुमच्याकडे जेवायला कोण कुठे बसतं गं?"

कुणी बसतच नाही, हे मी तिला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र तुला सांगायलाच हवी. परवा तळ्याकडे बघता बघता त्याने होडीची हकिगत काढली. अख्खी, ओळीने. कधीतरी इथेच भाड्याने होडी घेतलेली, मधोमध गेल्यावर एक वल्हं हातातून सुटलेलं, ते शोधता शोधता होडी नुसती गोल गोल फिरतेय, आणि बरोबरची मुलगी हसून हसून बेजार. शेवटी हातांनी पाणी मारत काठाला आले. सांगताना त्याचा चेहरा पंचवीस वर्षांचा झाला होता. जोलीन म्हणते की या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं शेवटपर्यंत टिकतं. मार्सेला, तुझ्याआधी मी होते. कुरापत काढत नाहीये. क्रम सांगतेय.

डास फार झालेत. बाकी उत्तम. तुला काठीशिवाय किती चालवतात?

बर्निस

*

१९ ऑगस्ट

मार्सेला,

जोलीनच्या तोंडून ऐकायच्या आधी माझ्याकडून ऐक. तो सुखरूप आहे. आत्ता समोर बसून टरबूज खातोय.

शनिवारी दुपारी सतरा नंबरच्या जागेवर एक गृहस्थ येऊन थांबला होता. विजेच्या आळीत जागा मिळाली नाही म्हणून आमच्याकडे, आणि आल्याबरोबर जनरेटर सुरू. आमच्याकडे जनरेटरला ठरावीक तासच मुभा आहे. त्याला बेसबॉलचा सामना बघायचा होता. लेनर्डला मी टेबलाशी बसवलं, सोलायला कणसं दिली आणि त्या माणसाला समजावायला गेले. तुला माझा स्वभाव माहीत आहे. समोर भांडण दिसलं की मला भूक लागल्यासारखं होतं. जरा जास्तच वेळ समजावत बसले. परत आले तर काही कणसं सोललेली, काही तशीच, आणि खुर्ची रिकामी. धक्क्याला माझी होडी नव्हती.

मी ओरडले नाही. ओरडली लुएला. बसच्या मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज तळ्याच्या पलीकडे पोचला असेल. दोन्ही आळ्यांतली माणसं पाण्याकडे धावली. पार्कची रेंजर हायडी ट्रक घेऊन काठाकाठाने निघाली. आणि तो जनरेटरवाला, ज्याला मी आत्ताच नाही नाही ते बोलले होते, त्याने जनरेटर बंद केला, मागे जोडून आणलेली मोटरबोट पाण्यात ढकलली आणि मला म्हणाला, "बसा." त्याचं नाव मी अजून विचारलेलं नाही. त्याचे पाय पकडून सॉरी म्हणायला हवं.

पलीकडच्या काठाच्या लव्हाळ्यात होडी सापडली. रिकामी. आत एकच वल्हं.

तिथलं पाणी कमरेइतकंच आहे, पण बुडायला तेवढंही लागत नाही. मी त्या माणसाच्या बोटीत ओणवी होऊन पाण्यात बघत होते. तळ दिसत होता. शेवाळ, एक जुना बूट, छोटे पर्च मासे इकडून तिकडे. तो बूट त्याचा नाही हे कळायला मला बराच वेळ लागला. तुझ्याशी खोटं बोलणार नाही, त्या वेळात मी तुला काय सांगायचं ते मनात जुळवत होते, आणि एकही वाक्य जुळत नव्हतं.

तेवढ्यात हायडीचा फोन आला. सापडला. लव्हाळ्यापासून पुढे चालत गेलं की शहरातल्या लोकांसाठी पोहायचा काठ आहे ना, वाळूचा, तिथे. गुडघ्यापर्यंत ओला, उन्हात लाल झालेला, कपडे बदलायच्या खोल्यांसमोर उभा. दोन्ही हातांत आइस्क्रीमचे कोन. खिशात दमडी नव्हती. गाड्यावरच्या मुलीने तसेच दिले म्हणे. कुणाची तरी वाट बघत होता. बराच वेळ यायला तयार नव्हता, मग आला.

जोलीन संध्याकाळी आली. आधी बापाच्या गळ्यात पडली, मग माझ्यावर घसरली. "तू म्हणाली होतीस नजरेआड करणार नाही," वगैरे. बरोबरच आहे तिचं. आता तिला तो शहरात, कुलूप असलेल्या वॉर्डात हवाय. स्वच्छ जागा आहे, माणसं चांगली आहेत, बाग आहे, बागेला भिंत आहे. कागदांवर सही तुझी लागेल, कारण बायको तू आहेस. ती कागद पाठवेल.

तुला योग्य वाटेल ते कर. मी काही म्हणणार नाही.

बर्निस

*

२८ ऑगस्ट

मार्सेला,

मी म्हणणार आहे.

तू सही करणार आहेस असं तू जोलीनला कळवलंस, तिने मला. मला नाही कळवलंस, तेही समजू शकते. पण पेन उचलायच्या आधी हे वाच, कारण गेल्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं.

मी त्या वाळूवर पोचले तेव्हा हायडी त्याला ट्रकमध्ये बसायची विनवणी करत होती आणि तो एक पाऊल हलत नव्हता. "मार्सेला कपडे बदलतेय," म्हणत होता. "आत्ता येईल. मी गेलो तर तिला वाटेल मी थांबलो नाही."

मी पुढे झाले. म्हटलं, "लेनर्ड, मी बर्निस."

त्याचा चेहरा उतरला. माझ्याकडे बघितलं, पण माझ्यात त्याला मी दिसले नाही. फक्त नाव ऐकू गेलं. मग जवळ आला, आजूबाजूला कुणी नाही ना बघितलं, आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही बर्निसला ओळखता का? मेहेरबानी करा, तिला काही सांगू नका. भली बाई आहे ती. मीच सांगणार आहे. जरा वेळ बघून सांगणार आहे."

कोन वितळून त्याच्या मनगटावरून ओघळत होते. मी म्हटलं, "नाही सांगत."

तर मग तुमचं दोघांचं इथे सुरू होतं. आमच्या नाकासमोर, काउंटीच्या पोहण्याच्या काठावर, उघड्या उन्हात. आणि मी इतकी वर्षं समजत होते की सगळं चर्चच्या मंडळींबरोबर बोलिंग खेळायला जायचो तिथे सुरू झालं. त्या बोलिंगवाल्यांना मी आयुष्यभर तोंड दाखवलं नाही. बिचारे निर्दोष निघाले.

मला राग आला नाही असं समजू नकोस. चांगला आला. इतका की त्याला तिथेच सोडून निघून जावं असं वाटलं. पण तो हातात दोन कोन घेऊन उभा, आणि एक धरायला कुणी नाही. मी म्हटलं, "एक माझ्याकडे दे, वितळतंय. ती आली की दुसरं घेऊ." त्याने दिलं. आम्ही तिथे वाळूत उभं राहून आइस्क्रीम खाल्लं. तो म्हणाला, तिला उशीर होतोय. मी म्हटलं, "तिला तयार व्हायला नेहमीच वेळ लागतो. लहानपणापासून. माझ्या दारात बसून वाट बघ, तिथून अख्खं तळं दिसतं." मग तो आला.

आता उरलेलंही सांगते, म्हणजे एकदाचं होऊन जाईल. होडीतली हसणारी मुलगी मी नव्हते. त्याने नाव घेतलं होतं. तुला लिहिताना मी ते गाळलं. आणि मी कोण हे त्याला कळत नाही. पहिल्या दिवसापासून नाही. मी त्याला पार्कवाली बाई आहे. "तुम्ही कॉफी छान करता," म्हणतो. लग्नात असताना कधी म्हणाला नव्हता.

जुलैभर मी वाट बघत होते, मार्सेला. अलीकडचं पुसलं जातं ना, मग एक एक थर निघेल, तू निघशील, आणि खाली मी सापडेन. थर निघाले, आणि खाली पुन्हा तू. त्याच्या डोक्यात घर जळतंय आणि त्यातून तो एकच वस्तू काढून पळतोय. ती मी नाही. बरं. मी सत्तरीला आले. एवढं पचवता येतं.

पण ऐक. ज्या माणसाला कुठला बूट कुठल्या पायातला हे सांगावं लागतं, त्याने एका वल्ह्याने तळं ओलांडलं. तुझ्यासाठी. कदाचित तुम्ही दोघी म्हणता तो वॉर्डच बरोबर असेल. मी डॉक्टर नाही. पण कुलूप लावायचं तर समोर येऊन, त्याच्याकडे बघून लाव. टपालाने नको.

मी केलेली व्यवस्था अशी. सप्टेंबरातल्या कामगार दिनाच्या सुट्टीनंतर लुएला लेकीकडे अटलांटाला जाते. तिचा कॅम्पर ती इथेच ठेवून जाणार आहे, तुमच्या दोघांसाठी. आपणहून म्हणाली. हायडीशी बोलून झालं. हंगामाच्या शेवटी आळी अर्धी रिकामीच असते. कॅम्परच्या पायऱ्यांऐवजी फळ्यांचा उतार ठोकून घेतलाय, जनरेटरवाल्यानेच ठोकून दिला. ग्रेग नाव त्याचं. पाय पकडू दिले नाहीत, भाजलेली कणसं चालतील म्हणाला. होडीला आता साखळी आणि कुलूप आहे; कुलपाची मला ॲलर्जी नाही, कुठे लावायचं त्यावर वाद आहे. संडासाच्या बाकाला दोन्ही बाजूंनी दांडे लावलेत. वीज नाही, आणि तुला ती लागेल असं वाटत असेल, पण दोन दिवसांनी लागत नाही.

जोलीन विमानतळावर येईल. माझ्याशी गोड बोलायला येऊ नकोस. नुसती ये.

बर्निस

*

१६ ऑक्टोबर

मार्सेला,

काल पंपाचा दांडा काढून ठेवला. आळी बंद झाली. मेपलची पानं कॅम्परच्या टपावर इतकी साचलीत की वरून बघणाऱ्याला इथे कुणी राहतं हे कळायचं नाही. हायडी म्हणते दोन दिवसांत फाटकाला साखळी घालते, तेव्हा उद्या मी पण शहरात जाईन. जाण्याआधी तुझ्या पत्राचं उत्तर देते. या वेळी वर माझं नाव लिहिलंस. बघितलं मी.

तू लिहितेस की ॲरिझोनात परतल्यावर चार दिवस बरे गेले आणि पाचव्या सकाळी त्याने तुला विचारलं, "तुम्ही कोण?" तू लिहितेस, "तळ्यावर त्याने मला ओळखलं होतं, बर्नी. आणि मी त्याला इकडे आणून ते घालवलं. तिथेच राहायला हवं होतं." तीन पानं तू स्वतःला बोल लावलेस. ते आधी बंद कर.

कारण तळ्यावर त्याने तुला ओळखलं नव्हतं.

आता चिडू नकोस, नीट ऐक. तू आलीस तो दिवस आठव. जोलीनने तुला गाडीतून उतरवलं, तू ती चाकाची काठी, तो वॉकर, धरून उताराशी उभी राहिलीस, आणि तो माझ्याकडे वळून म्हणाला, "नवीन पाहुण्या का?" ते तुला ऐकू गेलं. दुसऱ्या दिवशी तू माझ्या ओट्याशी बसून रडलीस. म्हणालीस, "तो ज्या मार्सेलाची वाट बघतोय तिच्या डोक्यात एक पांढरा केस नाही. तिच्यापुढे मी कशी टिकू?" मी म्हटलं होतं, "मला विचारतेस? तिच्याशी मी तीस वर्षं हरतेय." आणि मग आपल्या दोघींना जे हसू लोटलं, की जोलीन बाहेरून दार वाजवायला लागली, कुणाला काही झालं का म्हणून. त्या हसण्यातही तू मनाशी ठरवून बसली होतीस. शुक्रवारी जोलीन कागद आणणार होती आणि तू सही करणार होतीस. मी अडवणार नव्हते. तू समोर येऊन त्याच्याकडे बघितलं होतंस. माझी अट तेवढीच होती.

तोवर तो माझ्याच कॅम्परात झोपत होता. शुक्रवारी दुपारी तो तुझ्या दाराशी आला. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, केसांना पाणी लावून भांग. तुला आळीतल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला घेऊन गेला. टेबलाशी तुझी काठी स्वतः बाजूला लावून ठेवली, तुला शाल आणून दिली, सगळा वेळ तुझ्याशी बोलत होता. संध्याकाळी तू जोलीनला म्हणालीस, "त्याने मला ओळखलं," आणि कागद तसेच पाकिटात राहिले. जोलीन रडली, तू रडलीस. मी भांडी घासत होते. मला खरं काय ते ठाऊक होतं आणि मी गप्प राहिले. तुझा चेहरा बघून कुणीही राहिलं असतं. त्यानंतरचा महिना आपला सगळ्यांचा बरा गेला. रोज सकाळी त्याला तुझं नाव सांगावं लागायचं, ते तू आजारावर ढकललंस, आणि शुक्रवारचं ते एक ओळखणं उराशी धरून राहिलीस. आता तेच हरवलं म्हणून तुझा धीर सुटलाय. म्हणून सांगते. जे झालंच नव्हतं ते हरवलेलं नाही. जे झालं ते वेगळं होतं, आणि ते मी बघितलंय.

उद्या परवा तो पुन्हा विचारेल, तुम्ही कोण. घाबरायचं नाही. नाव सांगायचं, केस विंचरायचे, आणि समोर जाऊन बसायचं. "मी तुझी बायको" असं त्याच्या अंगावर टाकू नकोस. त्याने तो बावरतो. नुसती बस. कॉफी दे. बाकीचं त्याच्यावर सोड. तो ते करतो, मी बघितलंय. जूनमध्ये फाटक उघडलं की तुमची जागा माझ्या शेजारी आहे. लुएला तुमच्या पलीकडच्या जागेवर सरकते म्हणाली. जूनपर्यंत त्याचं काय होईल ते मला माहीत नाही, तुलाही नाही. तरी जागा धरून ठेवलीय.

तर त्या शुक्रवारची सकाळ. तू अजून उठायची होतीस. तो आणि मी पंपावर होतो. तो दांडा मारता मारता थांबला. मला वाटलं दमला. तुझ्या कॅम्परच्या खिडकीकडे बघत होता.

"त्या चाकाच्या काठीवाल्या बाई," म्हणाला, "एकट्याच असतात का?"

मी म्हटलं, "का?"

"सहज. बऱ्या वाटल्या. काल मी त्यांच्या बाजूला बसलो होतो. फार बोलत नाहीत, पण उठावंसं वाटलं नाही." दांडा त्याने पुन्हा धरला आणि तसाच ठेवला. "आज मासळीला त्यांना बोलावलं तर बरं दिसेल का?"

"ती माझी बहीण आहे," मी म्हटलं.

तेव्हा त्याने टोपी काढली. लोकांना काढतो तशी नाही. काढून हातात धरून ठेवली, आणि माझ्यासमोर सरळ उभा राहिला.

"मग आधी तुम्हालाच विचारायला हवं," म्हणाला. "तुमची काही हरकत आहे का?"

मार्सेला, त्याने तुला ओळखलं नव्हतं. तू त्याला आवडलीस. तुझ्या पांढऱ्या केसांसकट, त्या काठीसकट, कुठलीही जुनी गोष्ट माहीत नसताना, नव्याने. आणि या वेळी त्याने आधी मला विचारलं.

मी हो म्हटलं.

बर्निस